शाळेच्या ग्रंथालयाचा चार्ज माझ्याकडे आलाय. कपाटं उघडी ठेवायची आहेत, पण कशी?

माणदेशी_बाई

नमस्कार. सांगोला तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये मी मराठी शिकवते. पाचवी ते दहावी, पट चारशेच्या आतबाहेर. एवढ्या पटाला पूर्णवेळ ग्रंथपाल मिळत नाही, म्हणून ग्रंथालय दरवर्षी कुणा ना कुणा शिक्षकाकडे जातं. यंदा जूनमध्ये ते माझ्याकडे आलं. मी स्वतः मागून घेतलं.

ग्रंथालय म्हणजे ऑफिसला लागून असलेली खोली. सात लोखंडी कपाटं, त्यांतल्या तिघांना काचेची दारं. दाखल नोंदवहीत शेवटचा क्रमांक २३४६. खोलीला कुलूप नसतं, कपाटांना असतं. किल्ल्यांचा जुडगा भाऊसाहेबांच्या, म्हणजे ऑफिसातल्या लिपिकांच्या, ड्रॉवरमध्ये. भाऊसाहेब पगारबिलं घेऊन सोलापूरला गेले की त्या दिवशी ग्रंथालय नाही.

मुलांना पुस्तकं मिळतच नाहीत असं नाही. महिन्यातून एकदा वर्गाचा मॉनिटर चाळीस पुस्तकांचा गठ्ठा नेतो आणि हजेरी क्रमांकाने वाटतो. पहिल्या नंबरला सगळ्यात वरचं, दुसऱ्याला त्याखालचं. गेल्या खेपेला सहावीतल्या एका मुलीच्या वाट्याला सहकार कायद्यावरचं पुस्तक आलं. तिने त्याला खाकी कव्हर घातलं, महिनाभर जपलं आणि जसंच्या तसं परत आणून दिलं. आणि इकडे मधल्या सुट्टीत खिचडीची ताटं धुऊन झाली की पाचसहा पोरं त्या काचेच्या कपाटांपुढे येऊन उभी राहतात. काचेतून दिसणारी नावं वाचतात, कोणतं कुणाला आवडेल यावर आपसात बोलतात, घंटा झाली की जातात. हे मला बघवत नाही.

शिक्षकांचंही फार वेगळं नाही. विश्वकोशाचे खंड आहेत, पण विज्ञानाच्या सरांना एखादी नोंद पाहायची असेल तर किल्ली सापडेपर्यंत त्यांचा ऑफ तास संपतो. भूगोलाच्या बाई घरून स्वतःचा नकाशासंग्रह आणतात. तो शाळेत आहे हेच त्यांना माहीत नव्हतं, कारण शिक्षकांनी चाळावी अशी यादीच कुठे नाही.

कुलपाचं खरं कारण सांगते. काही वर्षांपूर्वी, आमच्या शेजारच्याच एका शाळेत, ग्रंथालय सांभाळणारे शिक्षक निवृत्त झाले. पडताळणीत पुस्तकं कमी भरली. त्यांचा ना-देय दाखला (शाळेचं काही देणं बाकी नाही असा) अडला आणि शेवटी त्यांनी पदरचे पैसे भरले. त्यातली कितीतरी पुस्तकं ते नोकरीला लागण्याआधीच गेलेली होती. ही गोष्ट या पट्ट्यातल्या प्रत्येक शिक्षकाला पाठ आहे. म्हणून चार्ज कुणाकडेही येवो, तो पहिलं काम करतो ते कुलूप तपासायचं. आमचे मुख्याध्यापक मनाने चांगले आहेत. म्हणाले, "बाई, उघडं ठेवा, माझी हरकत नाही. फक्त जबाबदारी तुमची."

तर मला विचारायचं आहे ते हे. पुस्तकं हरवली तर काय, याचं उत्तर आधी हवं. ते मिळालं तर पुढचं: वेळापत्रकात ग्रंथालयाची तासिका कागदावर आहे, प्रत्यक्षात तिथे गणिताचे जादा तास होतात. निम्मी मुलं एसटीने येतात, शाळा सुटल्यावर पाच मिनिटंही थांबू शकत नाहीत. मग पुस्तकं बदलून कधी द्यायची? आणि कपाटांत निदान पाचसहाशे तरी जुनी पाठ्यपुस्तकं आणि बाद झालेली गाइडं आहेत, त्यांचं काय करायचं? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.


निवृत्त_ग्रंथपाल_नाशिक

बाई, तुम्ही प्रश्न योग्य क्रमाने विचारलात, म्हणून मीही त्याच क्रमाने लिहितो. माझी सगळी नोकरी शाळेच्या ग्रंथालयात गेली. जिथे जिथे पुस्तकं कुलपात पाहिली, तिथे सांभाळणारा माणूस घाबरलेला होता. मुलांवर रागावलेला क्वचितच असायचा. त्याची भीती कागदावर उतरवून कमी केली की कुलूप आपोआप निघतं.

केंद्र सरकारचे सामान्य वित्तीय नियम आहेत, २०१७ चे. त्यातला नियम २१५ ग्रंथालयांसाठी आहे. तो म्हणतो की वर्षभरात वाचायला दिलेल्या किंवा हाताळल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकं गहाळ होणं वाजवी मानावं. अट एवढीच, की त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जीपणा नसावा. एक हजार रुपयांहून जास्त किमतीचं पुस्तक किंवा कोणतंही दुर्मिळ पुस्तक गेलं तर मात्र चौकशी व्हायलाच हवी. वीस हजारांपर्यंत पुस्तकं असतील तर दरवर्षी पूर्ण पडताळणी करावी, हेही त्याच नियमात आहे.

हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, तुमच्या शाळेला तो थेट लागू होत नाही. तो दाखवून कुणाशी भांडू नका. पण त्याची प्रत काढा आणि शाळा समितीपुढे ठेवा. देशाचा हिशेब ठेवणाऱ्यांनीच मान्य केलंय की वापरलं जाणारं पुस्तक कधीतरी हरवणार. त्याच धर्तीवर तुमच्या समितीने ठराव केला की तुमच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. नियमातली एक गोष्ट समितीला मुद्दाम दाखवा. सूट मोजली जाते ती किती पुस्तकं दिली गेली त्यावर. कपाटात किती आहेत याचा तिथे संबंध नाही. म्हणजे जी शाळा पुस्तकं देतच नाही तिला एकाही पुस्तकाची सूट नाही, आणि जी वर्षाला चार हजार वेळा पुस्तकं देते तिची वीस गेली तरी ते वाजवी. जास्त देणाऱ्याला जास्त मुभा. मला हा नियम फार शहाणा वाटतो.

आता जुनी पुस्तकं. त्यांना निर्लेखन, म्हणजे ठराव करून नोंदवहीतून रीतसर काढून टाकणं, हाच मार्ग. मुख्याध्यापक, तुम्ही आणि आणखी एक शिक्षक अशी तिघांची समिती करा. एकेक कपाट रिकामं करा आणि तीन ढीग लावा: ठेवायची, बांधणी करायची, काढायची. काढायच्या पुस्तकांची दाखल क्रमांकासह यादी, कारणाचा रकाना (अभ्यासक्रम बदलला, कसर लागली, पानं नाहीत), खाली तिघांच्या सह्या. ती यादी समितीच्या सभेत मंजूर करून घ्या आणि मगच दाखल नोंदवहीत त्या क्रमांकापुढे लाल शाईने "निर्लेखित", ठराव क्रमांक आणि तारीख लिहा. ठरावाआधी एक चिटोराही रद्दीत जाऊ देऊ नका. एक काळजी घ्या. जुनी म्हणून सरसकट काढू नका. गावच्या जत्रेची स्मरणिका, शाळेचे जुने वार्षिक अंक, तालुक्याच्या इतिहासावरची पातळ पुस्तिका, या गोष्टी पुन्हा कुठेही मिळत नाहीत. त्यांना वेगळा कप्पा द्या.

पाचसहाशे गेल्यावर कपाटांत जागा होईल. त्या जागेचा उपयोग पुस्तकं समोरून दिसतील अशी लावायला करा. मुलं मुखपृष्ठ पाहून पुस्तक उचलतात. एका भिंतीला दोऱ्या बांधा आणि पातळ पुस्तकं उघडून त्यांवर टांगा. जाड पुस्तकं खिडकीच्या कट्ट्यावर उभी करा. दर सोमवारी बदला, तेही मुलांकडूनच.

वर्गीकरणात अडकू नका. दोनअडीच हजार पुस्तकांना आणि पाचवीच्या मुलाला मोठ्या ग्रंथालयांतली आकड्यांची दशांश वर्गीकरण पद्धत लागत नाही. रंगीत चिकटपट्टी लावा: गोष्टी, कविता, विज्ञान, चरित्र, इतिहास-भूगोल, संदर्भ. प्रत्येकाला एक रंग, आणि रंगांचा तक्ता दारावर. दाखल क्रमांक आहे तोच राहू द्या, हिशेब त्यावरच चालतो.

देवघेवीची वही मात्र बदला. आत्ता तुमच्याकडे बहुधा तारखेप्रमाणे एकाखाली एक नोंदी आहेत. त्यात एका मुलाचं काय बाकी आहे ते शोधायला पंधरा पानं उलटावी लागतात. त्याऐवजी वर्गागणिक एक वही करा आणि त्यात प्रत्येक मुलाला एक पान द्या. दाखल क्रमांक, नाव, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख, सही. मूल स्वतः लिहील, वर्गातले दोन ग्रंथमित्र, म्हणजे ग्रंथालयाच्या कामात मदत करणारी मुलं, तपासतील. वर्षाअखेरीस ते पान वाचलंत तर त्या मुलाला काय आवडतं ते तुम्हाला कळेल, आणि पुढच्या वर्षी खरेदी करताना प्रकाशकाच्या यादीवर अवलंबून राहावं लागणार नाही.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. पहिलाच असा, की ग्रंथ उपयोगासाठी आहेत. तो समजावताना त्यांनी युरोपात एके काळी पुस्तकं साखळ्यांनी कपाटांना बांधून ठेवत त्याची आठवण दिली आहे. तुमच्या शेजारच्या शाळेतल्या त्या शिक्षकांचा मला राग येत नाही. त्यांनी पैसे भरले, तसे भरलेले आणखी काही जण मी पाहिलेत. पण त्या भीतीपायी मुलांच्या किती पिढ्या काचेबाहेर राहिल्या, याचा हिशेब कुठल्याच पडताळणीत येत नाही.


कनिष्ठ_लिपिक

वरचं सगळं बरोबर आहे, पण ऑफिसमध्ये बसणारा म्हणून एक गोष्ट फार जोर देऊन सांगतो. बाई, चार्ज जूनमध्ये घेतलात म्हणता. मोजून घेतलात का? बहुतेक ठिकाणी फक्त किल्ली आणि नोंदवही हातात देतात, आणि "सर्व पुस्तके मिळाली" अशा छापील ओळीखाली सही होते.

तसं झालं असेल तरी अजून वेळ गेलेली नाही. मुख्याध्यापकांना आजच लेखी पत्र द्या, "प्रभार घेतल्यानंतर प्रत्यक्ष पडताळणी करावयाची आहे, दोन शिक्षकांची नेमणूक व्हावी". आवक क्रमांक टाकून घ्या आणि पोच जपून ठेवा. मग नोंदवही पहिल्या क्रमांकापासून शेवटपर्यंत प्रत्यक्ष पुस्तकांशी ताडून पाहा. जी सापडणार नाहीत त्यांची यादी करा, मथळा द्या "प्रभार घेताना आढळून न आलेली पुस्तके", तिघांच्या सह्या घ्या. या यादीतलं एकही पुस्तक पुढे तुमच्या नावावर येणार नाही. हे काम निर्लेखनाच्या आधी करायचं. क्रम उलटा झाला तर काढलेली आणि हरवलेली यांत घोटाळा होतो आणि लेखापरीक्षणात त्याचं उत्तर देता येत नाही.

कपाटं आणि टेबलं जडवस्तू संग्रह नोंदवहीत असतात, पुस्तकं दाखल नोंदवहीत. काही शाळांनी पुस्तकं दोन्हीकडे चढवलेली असतात. तुमच्याकडे तसं आहे का ते पाहा, नाहीतर एकीकडून निर्लेखित झालेलं पुस्तक दुसरीकडे जिवंत राहतं.

आणि मुख्याध्यापकांचं "जबाबदारी तुमची" हे तोंडी वाक्य कागदावर येऊ द्या, पण नीट शब्दांत. "मधल्या सुट्टीत ग्रंथालय विद्यार्थ्यांसाठी खुले ठेवण्यात यावे" असा लेखी आदेश मिळाला की तुम्ही आदेशाचं पालन करताय. आदेशाशिवाय उघडलंत तर तो तुमचा निर्णय ठरतो. भाऊसाहेबांच्या ड्रॉवरमधल्या किल्लीचंही त्याच आदेशात लिहून घ्या, एक जुडगा ग्रंथालयप्रमुखाकडे राहील म्हणून. तुमच्या भाऊसाहेबांना त्याचा आनंदच होईल, मी खात्रीने सांगतो. आम्हाला ती किल्ली नकोच असते.


सातपुड्याचा_गुरुजी

मी अक्कलकुवा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेवर आहे. आमच्याकडे ग्रंथालयाची खोली नाही. एक पत्र्याची पेटी आहे, ती सकाळी परिपाठाआधी ओट्यावर येते आणि शाळा सुटल्यावर आत जाते. दिवसभर झाकण उघडं. चौथीची मुलं पेटी सांभाळतात, पहिलीची मुलं तिच्याभोवती बसून चित्रं बघतात. आमची पोरं घरी भिली किंवा पावरी बोलतात. पुस्तकातली मराठी त्यांना पहिल्या वर्षी परकी असते. त्यांच्यासाठी चित्र आधी, अक्षर नंतर. म्हणून पेटीत मोठ्या चित्रांची, पानावर एकदोन ओळींची पुस्तकं सगळ्यात जास्त.

पैशांबद्दल बाईंनी विचारलं नाही, पण ते लागणारच आहेत. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं, त्यात वर्तमानपत्र, मासिकं आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तकं असावीत, असं स्पष्ट लिहिलंय. हा कायदा पहिली ते आठवीला लागू आहे, म्हणजे तुमच्या पाचवी ते आठवीलाही. समितीपुढे जाताना ती ओळ सोबत न्या. गोष्टीची पुस्तकं म्हणजे अभ्यासातला व्यत्यय असं मानणारा एक तरी सदस्य असतोच. कायद्यात गोष्टीची पुस्तकं नावानिशी आहेत हे त्याला दाखवायचं.

फुकट मिळण्यासारखंही बरंच आहे. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक त्यांनी इंटरनेटवर मोफत वाचायला ठेवलेत. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर नावाचं संकेतस्थळ आहे. तिथल्या गोष्टी मुक्त परवान्यावर आहेत, म्हणजे उतरवून घ्या, छापा, वाटा, स्वतःच्या बोलीत भाषांतर करा, सगळ्याला परवानगी. मी त्यातल्या काही गोष्टी मुलांच्या मदतीने भिलीत केल्या. कागदाच्या दोन्ही बाजूंना छापून, मधे शिवून पेटीत ठेवल्या. त्या सगळ्यात आधी फाटल्या. पुन्हा छापल्या.

आमच्याकडे पावसाळ्यात चार महिने ओल असते. पेटीखाली विटा, आत कडुनिंबाचा वाळलेला पाला, आणि उघडीप मिळाली की सगळी पुस्तकं ओट्यावर वाऱ्याला. उन्हात नको, पानं करपतात. पण तुमच्याकडे पाऊसच कमी, तुमचा शत्रू धूळ आणि वाळवी. भिंतीला कपाट टेकवून ठेवू नका, चार बोटं जागा सोडा. वाळवी भिंतीतूनच येते.

घाबरू नका एवढंच म्हणेन. आमच्या पेटीतली पुस्तकं पाड्यावर जातात, शेतावर जातात, एखादं होळीला घरी गेलेलं स्थलांतरात गुजरातेत जाऊन परत येतं. ते घेऊन जाणारं पोर तिकडे उसाच्या फडात वाचत असतं. त्या पुस्तकाची किंमत वसूल करायचा विचार माझ्या मनात कधी आला नाही.


माणदेशी_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. नियम २१५ ची प्रत काढली. पडताळणीचं पत्र दिलं, दोन शिक्षकांची नेमणूकही झाली. मुख्याध्यापकांनी तो नियम दोनदा वाचला आणि म्हणाले, "हे आधी कुणी का सांगितलं नाही?" ठराव पुढच्या सभेत येईल. गुरुजी, तुमच्या पेटीवरून मला एसटीच्या मुलांचा मार्ग सुचतोय, पण शिक्षकांचं आणि तासिकेचं अजून अडलंय. गणिताच्या सरांकडून तास परत कसा घ्यायचा? दहावीचा निकाल म्हटलं की कुणाचंच काही चालत नाही.

आणखी एक. आठवीत एक मुलगा आहे, त्याला फार कमी दिसतं. तो काचेसमोर येतच नाही. त्याच्यासाठी काही करता येईल का?


सुगम_वाचन

मी दृष्टिहीन आहे आणि शिक्षक आहे, म्हणून तुमच्या शेवटच्या ओळीसाठी लिहितोय. 'सुगम्य पुस्तकालय' नावाचं ऑनलाइन ग्रंथालय २०१६ साली सुरू झालं. छापील अक्षर वाचता येत नाही अशा व्यक्तींसाठीच ते आहे, भारतीय भाषांमधली पुस्तकं त्यात आहेत, आणि मुलाची नोंदणी करता येते. फोनवर किंवा संगणकावर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं किंवा ऐकता येतं.

पण तेवढ्यावर थांबू नका. त्याला ग्रंथमित्र करा. एखादं पुस्तक दुसऱ्या मुलाने मोठ्याने वाचायचं आणि याने ऐकून ठरवायचं की ते पुढच्या सोमवारी खिडकीत लावायचं का. पुस्तकं निवडणाऱ्यांत तो असू दे. मला शाळेत असताना सगळे मदत करायचे, पण माझं मत कुणी विचारत नसे.


प्रयोगशाळेतून

बाई, मी कोल्हापूरकडे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. तासिकेच्या भांडणात मी दोन्ही बाजूंनी होतो, म्हणून सांगतो. पूर्ण तास परत मागू नका, मिळणार नाही. पाचवी ते आठवीची तासिका मागा. तिथे बोर्डाचा निकाल नसतो, त्यामुळे विरोध कमी होतो. नववी-दहावीसाठी वर्गातच पेटी ठेवा, गुरुजींसारखी. वर्गशिक्षकांच्या टेबलाखाली तीस-पस्तीस पुस्तकं, महिन्याने पेट्या एका तुकडीतून दुसऱ्या तुकडीत फिरवायच्या. एसटीची मुलं मग वर्गातच, हजेरी चालू असताना पुस्तक बदलतात. पेटीत काय आहे त्याची यादी झाकणाच्या आतून चिकटवा, ग्रंथमित्र महिन्याअखेरीस ताडून पाहतील.

शिक्षकांसाठी आमच्याकडे एक गोष्ट चालली. स्टाफरूममध्ये एक उघडं शेल्फ. विश्वकोशाचे खंड, शब्दकोश, नकाशासंग्रह, विषयांची पद्धतीची पुस्तकं, सगळं तिथे. कुलूप नाही, वही आहे. शेल्फवर शिक्षकांच्या नावांचे पुठ्ठ्याचे तुकडे दोऱ्याला बांधून ठेवलेत. पुस्तक काढलं की त्या जागी आपल्या नावाचा तुकडा लावायचा. कुणी नेलंय ते कुणालाही उभ्या उभ्या दिसतं. मराठी विश्वकोश इंटरनेटवर मोफत आहे हे खरं, पण तासाला जाता जाता उघडायला खंडच सोयीचा पडतो, आणि मुलांपुढे नेऊन ठेवता येतो.

मात्र यादीशिवाय कुणी येत नाही. तुमच्या भूगोलाच्या बाईंना नकाशासंग्रह माहीत नव्हता, तसंच आमचंही होतं. आम्ही पडताळणी करतानाच प्रत्येक विषयाच्या शिक्षकाला त्याच्या विषयाचं कपाट ताडायला बसवलं. मोजता मोजता त्यांनी पुस्तकं बाजूला काढून घेतली. तुमची पडताळणी आता सुरूच होणार आहे तर त्यातच हे उरका, वेगळी मोहीम नको.

गावात सार्वजनिक ग्रंथालय आहे का तेही पाहा. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा आहे, त्याखाली मान्यता मिळालेली अ, ब, क, ड वर्गाची ग्रंथालयं खेड्यापाड्यांत आहेत. ड वर्गाचं असलं तरी पुष्कळ. त्यांना वाचक हवे असतात, तुम्हाला पुस्तकं. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर गावातली मुलं तिकडे नेता येतील.


माणदेशी_बाई

आमच्या गावात ड वर्गाचं आहे, चावडीजवळ. संध्याकाळी उघडतं, वर्तमानपत्र वाचायला वयस्कर मंडळी असतात. त्यांच्या सचिवांशी बोलते.

पेट्या फिरवायचं आणि विषयशिक्षकांना कपाट ताडायला बसवायचं, दोन्ही करणार. विज्ञानाचे सर तर आत्ताच तयार झालेत. आठवीतल्या त्या मुलाला आज विचारलं, ग्रंथमित्र होशील का. "कोणती पुस्तकं आहेत ते आधी सांगा" म्हणाला. उद्यापासून त्याला एकेक नाव वाचून दाखवायचं ठरलंय.

नाशिकच्या सरांना एक शेवटचं विचारते. समितीतले एक सदस्य म्हणताहेत की उशीर झाल्यास रोज एक रुपया दंड आणि हरवल्यास दुप्पट किंमत, असं ठरावात घाला, म्हणजे शिस्त राहील. घालू का?


निवृत्त_ग्रंथपाल_नाशिक

दंड घालू नका. रुपयाच्या भीतीने पहिल्यांदा यायचं थांबतं ते ज्याच्या घरी रुपया नाही ते मूल, आणि पुस्तकाची गरज त्यालाच सगळ्यात जास्त. उशीर झाला तर त्या मुलाला पुढचं पुस्तक आधीचं आणल्यावर मिळेल, एवढंच पुरे.

हरवलं तर ठरावात असं लिहा: "विद्यार्थ्याकडून पुस्तक गहाळ झाल्यास वर्गशिक्षक पालकांशी बोलतील. पालकांना शक्य असल्यास तेच किंवा तत्सम पुस्तक शाळेस द्यावे. शक्य नसल्यास सदर पुस्तक वार्षिक पडताळणीत गहाळ म्हणून नोंदवून समितीच्या मान्यतेने निर्लेखित करावे. देवघेव झालेल्या दर हजार पुस्तकांमागे पाचपर्यंत पुस्तके गहाळ झाल्यास ग्रंथालयप्रमुखाकडून वसुली करू नये. एक हजार रुपयांहून अधिक किमतीच्या अथवा दुर्मिळ पुस्तकाबाबत समितीने चौकशी करावी."

शेवटून दुसरं वाक्य सभेत गाळलं जाण्याची शक्यता आहे. इतिवृत्तावर सही करण्याआधी ते आहे ना, हे वाचून बघा. तुमच्यानंतर चार्ज घेणाऱ्या शिक्षकालाही ते लागणार आहे.